संकेतस्थळाची परिभाषा कोण शिकविणार?



सन २०२१ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. सकाळी रुग्णतपासणी चालू असताना बेळगावहून एका जुन्या रुग्णाचा दूरध्वनी आला. हे गृहस्थ पंधरा वर्षांपासून आमच्याकडून औषधे नेतात. थोड्या संकोचानेच त्यांनी विचारले, “वैद्यराज, रागावू नका, पण तुमच्या वेबसाइटवर हा पत्त्यांचा जुगार कसला चालू आहे?” प्रथम मला त्यांच्या बोलण्याचा अर्थच लागला नाही. दुपारी मुलीने स्वतःच्या भ्रमणध्वनीवर ते पान उघडून दाखविले, तेव्हा लागला. आमच्या चिकित्सालयाचे नाव वर, आणि खाली जुगाराच्या जाहिराती.

झाले होते ते असे. २००९ साली गावात संगणकवर्ग चालविणाऱ्या एका तरुणाने आम्हांला संकेतस्थळ करून दिले. त्याने नाव नोंदविले ते स्वतःच्या ई-पत्त्यावर, आणि दरवर्षीचे शुल्कही तोच भरून आमच्याकडून घेत असे. पुढे तो नोकरीनिमित्त परगावी गेला. नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या जुन्या पत्त्यावर येत राहिल्या आणि न वाचताच पडून राहिल्या. मुदत संपली, सवलतीचे काही आठवडेही संपले आणि मोकळे झालेले नाव कोणीतरी उचलले. दरम्यान बारा वर्षांत ते नाव आमच्या औषधपत्रांवर, आसवारिष्टांच्या बाटल्यांवर आणि चूर्णांच्या वेष्टनांवर हजारो वेळा छापले गेले होते. छापलेला कागद परत बोलावता येत नाही. आमची बाटली घरी नेणारा रुग्ण त्या पत्त्यावर गेला की जुगाराच्या दारात पोहोचत होता.

त्या तरुणाला मी दोष देत नाही. त्याने पैसे बुडविले नाहीत की फसवणूक केली नाही. दोष माझा होता. माझ्या नावाची पाटी कोणाच्या नोंदवहीत आहे, हा प्रश्न मी बारा वर्षांत एकदाही विचारला नाही. कारण असा काही प्रश्न असतो, हेच मला ठाऊक नव्हते. त्यानंतर अठ्ठावन्नाव्या वर्षी मी संकेतस्थळ बांधण्याची आज्ञावली स्वतः शिकावयास बसलो. त्या शिकण्यातून जे मत बनले ते येथे मांडीत आहे. आपल्यापैकी अनेकांनी हा प्रयत्न करून सोडून दिला आहे आणि “आपले वय झाले, आपली बुद्धी तशी नाही” असा स्वतःवरच ठपका ठेवला आहे, हे मला ठाऊक आहे. तो ठपका अनाठायी आहे, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

पाच मिनिटांची स्थापना

आज जगातील चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे ज्या वर्डप्रेस या आज्ञावलीवर चालतात, ती आज्ञावली ‘पाच मिनिटांच्या स्थापने’साठी प्रसिद्ध आहे. हा दावा खोटा नाही. स्थापना खरोखरच पाच मिनिटांत होते. अडचण सहाव्या मिनिटाला सुरू होते. औषधाची बाटली हाती येण्यास पाच मिनिटे पुरतात. ती कोणास, कोणत्या काळी, किती मात्रेत द्यावी हे कळण्यास साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रमही अपुरा पडतो, हे आपल्याला कोणी सांगावयास नको.

माझा पहिला अनुभव सांगतो. (मी निवडलेली आज्ञावली कोणती, हे येथे महत्त्वाचे नाही, इतरांवरही थोड्याफार फरकाने हेच घडते.) नमुन्यात धुक्यातील डोंगर, सुंदर अक्षरे, हसऱ्या चेहऱ्यांची चित्रे दिसत होती. तो नमुना घेतला, तर माझ्या पडद्यावर एक कोरे पान आणि इंग्रजीतील एक अभिवादन एवढेच उमटले. डोंगर कोठे गेले? ते नमुन्याबरोबर आपोआप येत नाहीत. वेगळे आणावे लागतात, हे कळण्यास आठवडा गेला. पुढे ‘पान’ लिहावे की ‘नोंद’ लिहावी, हा प्रश्न आला. दोहोंचे लेखनपटल सारखेच दिसते. मी चिकित्सालयाची माहिती नोंदीत लिहिली आणि ती नव्या नोंदींखाली ढकलली जाऊन चार दिवसांत दिसेनाशी झाली. पानाच्या तळाशी असलेली ‘सकाळी ९ ते १’ ही वेळ बदलावयास तर मला दोन संध्याकाळी लागल्या. मी सर्व पाने धुंडाळली, पण ती ओळ कोणत्याही पानात नव्हतीच. तळाची पट्टी पानांहून निराळ्या ठिकाणी ठेवलेली असते, हे पडद्यावर कोठेही लिहिलेले नव्हते.

शेवटी रुग्णांना वेळ ठरविता यावी म्हणून मी एक जोड-आज्ञावली, ज्याला ‘प्लगिन’ म्हणतात ती, बसविली. क्षणात संपूर्ण संकेतस्थळ पांढरे झाले. प्रवेशाचे दारही उघडेना. पुतण्याला बोलाविले. तो अभियांत्रिकीचा विद्यार्थी. त्याने आत जाऊन एका फोल्डरचे नाव बदलले आणि दोन मिनिटांत सर्व पूर्ववत झाले. मी विचारले, “हे कोठे लिहिलेले आहे?” तो म्हणाला, “सगळीकडे लिहिलेले आहे, काका. पण ते शोधायला आधी त्या बिघाडाचे नाव माहीत पाहिजे.”

या एका वाक्यात नवशिक्याचे सारे दुःख आले आहे. महाजालावर उत्तरांची वाण नाही. परंतु उत्तर शोधण्यासाठी प्रश्न त्या शास्त्राच्या भाषेत विचारावा लागतो, आणि नवशिक्याजवळ नेमकी तीच भाषा नसते. आपला रुग्ण येऊन “पोटात कसेसेच होते” म्हणतो. त्यामागे अम्लपित्त आहे की ग्रहणी आहे हे ठरविणे वैद्याचे काम असते. संगणकापुढे बसलेल्या नवशिक्याला मात्र “कसेसेच होते” असे म्हणून भागत नाही. त्याने स्वतःच निदान करावे आणि मगच साहाय्य मागावे, अशी तेथे अपेक्षा असते.

परिभाषा आधी, प्रयोग नंतर

आपल्या शास्त्राने ही चूक केलेली नाही. शार्ङ्गधरसंहितेचा आरंभ कोणत्याही कल्पाने होत नाही. पूर्वखंडात प्रथम परिभाषा येते, मानाचे विवेचन येते. कर्ष म्हणजे काय, पल म्हणजे काय, द्रव्य ओले घ्यावयाचे की शुष्क, हे निश्चित झाल्यावरच काढे, चूर्णे, आसवे यांच्याकडे ग्रंथ वळतो. संकेतस्थळाच्या आज्ञावल्यांनी हा क्रम उलटा केला आहे. त्या प्रयोग आधी हाती देतात आणि परिभाषा शिकविण्याचे काम कोणाचेच नसते.

वास्तविक ही परिभाषा फार मोठी नाही. ज्याला आपण सरसकट ‘वेबसाइट’ म्हणतो त्यात चार निरनिराळ्या गोष्टी असतात. पहिली म्हणजे नाव, अर्थात डोमेन. ही नोंदणीकृत पाटी. वर्षाच्या बोलीने मिळते आणि मुदत संपली की जाते. दुसरी म्हणजे जागा, अर्थात होस्टिंग. हा भाड्याचा गाळा. येथे आपल्या फाइली राहतात. तिसरी म्हणजे आज्ञावली आणि तिच्यावरील वेशभूषा. हे त्या गाळ्यातील कपाटे, टेबल आणि रंगरंगोटी. चौथी म्हणजे मजकूर, चित्रे, औषधांची सूची. हे आपले खरे द्रव्य. यांतील पहिल्या तीन गोष्टी तीन वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून घेता येतात. त्यांना तीन परवलीचे शब्द आणि तीन नूतनीकरणाच्या तारखा असू शकतात. भाडे भरले म्हणून पाटी टिकत नाही आणि पाटी टिकली म्हणून गाळा टिकत नाही. एवढे मला २००९ साली कोणी कागदाच्या एका पानावर लिहून दिले असते, तर बेळगावचा तो दूरध्वनी आला नसता.

दुसरी उणीव व्यापदांची. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात वमन-विरेचनाच्या व्यापदांसाठी स्वतंत्र अध्याय आहे. कर्म चुकले तर काय होते, ते कसे ओळखावे आणि त्यावर काय करावे, हे ग्रंथकाराने कर्माइतक्याच गांभीर्याने सांगितले आहे. आज्ञावलीच्या पडद्यावर सर्व बटणे सारखीच दिसतात. कोणते दाबले असता परत फिरता येते आणि कोणते दाबले असता येत नाही, हे जाणकाराला अंगवळणी पडलेले असते. नवशिक्याला ते दिसत नाही. मग तो एक तर कशालाही हात लावीत नाही, किंवा वैतागून सगळ्यालाच लावतो. दोन्ही वाटांनी शिकणे थांबते. शिक्षणातील पहिला धडा संकेतस्थळाची प्रतिलिपी कशी घ्यावी आणि ती परत कशी बसवावी हाच असावयास हवा. प्रत्यक्षात तो शेवटच्या प्रकरणात असतो, आणि तेथपर्यंत कोणी पोहोचत नाही.

बदलती जमीन

येथे कोणी म्हणेल की, जुन्या काळी हे सोपे होते. ते अंशतः खरे आहे. महाजालाचा जनक टिम बर्नर्स-ली याने १९९० साली जो पहिला ब्राउझर लिहिला, त्यात पान पाहणे आणि पान लिहिणे एकाच खिडकीत होत असे. पुढे पाहण्याचे साधन आणि लिहिण्याचे साधन यांची फारकत झाली. आपल्यातील काहींना मायक्रोसॉफ्टचे फ्रंटपेज किंवा ड्रीमविव्हर आठवत असेल. पान तयार करताना स्वतःच्या संगणकावर सर्व चित्रे दिसत. पण ते महाजालावर चढविले की चित्रांच्या जागी रिकामे चौकोन उरत, कारण चित्राचा पत्ता आपल्याच संगणकाच्या ‘सी’ कप्प्यातील दिलेला असे. तेव्हाही नवशिक्या स्वतःलाच दोष देत असे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शिकलेले टिकत नाही. फ्रंटपेजची २००३ नंतर नवी आवृत्ती आली नाही आणि २००६ मध्ये ते बंदच झाले. वर्डप्रेस २००३ साली आले. त्याचे लेखनपटल ६ डिसेंबर २०१८ रोजी आलेल्या ५.० आवृत्तीत मुळापासून बदलले आणि लेख सलग लिहिण्याऐवजी तुकड्या-तुकड्यांनी रचण्याची पद्धत आली. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या ५.९ आवृत्तीत संपूर्ण स्थळाची रचनाही त्याच पद्धतीने करण्याची सोय झाली. मात्र जुनी पद्धत पूर्णपणे गेली नाही. आज दोन्ही पद्धतींच्या वेशभूषा बाजारात शेजारी-शेजारी आहेत, आणि शिकविणारी चित्रफीत यांतील कोणत्या पद्धतीची आहे हे बहुधा सांगत नाही. चित्रफितीत ज्या जागी बटण दिसते, त्या जागी आपल्या पडद्यावर काहीच नसते. वनस्पतीचे नाव एकच आणि प्रांतोप्रांती द्रव्य निराळे, अशा संदिग्धतेशी आपण द्रव्यगुणात झगडतोच. पण तेथे निदान निघंटू तरी आहेत.

मराठी वैद्याची वेगळी अडचण

वरील अडचणी जगातील कोणत्याही नवशिक्याच्या. मराठीत लिहिणाऱ्याला त्याखेरीज काही सोसावे लागते. आपली माहितीपत्रके, दरपत्रके, वेष्टनांवरील मजकूर हे बहुतेक सारे वीस-पंचवीस वर्षांपूर्वी डीटीपी करणाऱ्याकडे श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या टंकांत जुळविलेले आहे. तो मजकूर संकेतस्थळावर चिकटविला की देवनागरीऐवजी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी उमटते, कारण त्या टंकांत देवनागरीचे फक्त रूप असते; आतील संकेत निराळे असतात. युनिकोड म्हणजे काय, हे न कळता मी साठ औषधांची सूची तीनदा पुन्हा टंकित केली. रूपांतर करणारी साधने असतात, हे चौथ्या वेळी कळले.

नमुने सारे रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून रचलेले असतात. शीर्षकातील अक्षरांमध्ये शोभेसाठी अंतर सोडले असेल, तर आपली शिरोरेषा तुटते. दोन ओळींतील अंतर कमी असेल, तर वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांत घुसतात. ‘द्राक्षासव’ किंवा ‘कुटजारिष्ट’ हे शब्द असे विस्कटलेले पाहून रुग्णाचा विश्वास वाढेल काय? हा दोष टंक बदलून व दोन आकडे बदलून जातो. पण तो दोष ‘अक्षरांतराचा’ आहे हे नाव ठाऊक असावे लागते. पुन्हा परिभाषेचाच प्रश्न. आज्ञावलीचे मराठी भाषांतर स्वयंसेवकांनी केलेले उपलब्ध आहे, ही कौतुकाची गोष्ट होय. परंतु मराठी पटल निवडले की इंग्रजी वा हिंदी चित्रफितीतील शब्द जुळत नाहीत, आणि मराठीत क्रमशः शिकविणारे साहित्य हाती लागणे कठीण. त्यामुळे मातृभाषेची सोय घेणाऱ्यालाच एकाकी पडावे लागते.

न वाचता प्रसिद्ध झालेला मजकूर

आता या विषयातील सर्वांत गंभीर भागाकडे येतो. न शिकता केलेल्या संकेतस्थळाने केवळ शोभा जात नाही. वैद्याची सचोटी पणाला लागते.

तयार नमुन्यांत ‘रुग्णांचे अभिप्राय’ असा एक भाग बहुधा असतो. त्यात काल्पनिक नावे, परक्या चेहऱ्यांची छायाचित्रे आणि स्तुतिपर वाक्ये भरलेली असतात. तो भाग काढावयाचा कसा, हे न कळल्यामुळे तसाच राहिलेला मी एकाहून अधिक वैद्यांच्या संकेतस्थळांवर पाहिला आहे. त्यांच्या मनात कपट नव्हते. पण वाचणाऱ्याच्या दृष्टीने ते खोटे अभिप्रायच आहेत.

अलीकडे तर एक वाक्य सांगितले की संपूर्ण संकेतस्थळ रचून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत. मी एकदा चिकित्सालयाचे वर्णन देऊन पाहिले. अर्ध्या मिनिटात देखणे पान आले, आणि त्यात ‘मधुमेहापासून कायमची मुक्ती’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले होते. मी हे म्हटले नव्हते; यंत्राने ते स्वतःहून घातले. ‘ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज’ या नावाने आपण ओळखतो तो आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा १९५४ चा कायदा आठवा. त्याच्या अनुसूचीत मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, रक्तदाब असे अनेक विकार आहेत आणि ते बरे करण्याचा दावा करणाऱ्या औषधाची जाहिरात हा अपराध आहे. पहिल्याच अपराधास सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. संकेतस्थळावरील मजकूर म्हणजे जाहिरात नव्हे, असे समजून चालणे धोक्याचे. ‘यंत्राने लिहिले’ किंवा ‘मुलाने करून दिले’ हे उत्तर तेथे चालणार नाही. खाली नाव आपले असते. औषधनिर्मात्या बंधूंनी तर याची विशेष नोंद घ्यावी, कारण त्यांचा परवानाच गुंतलेला असतो.

तीच गोष्ट रुग्णांनी भरावयाच्या अर्जाची. “आपली तक्रार येथे लिहा” अशी चौकट आपण हौसेने ठेवतो. रुग्ण तेथे आपले गुप्त दुखणे लिहितो. ते कोठे साठते, कोण वाचू शकतो, किती दिवस राहते? वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे. पण कायद्याच्या कितीतरी आधीपासून रुग्णाचे गुह्य राखणे हा आपला धर्म आहे.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की, इतकी यातायात हवीच कशाला? व्हॉट्सअ‍ॅप आहे, फेसबुकचे पान आहे, तेवढ्यावर काम भागते. काम भागते हे खरे. परंतु ती जमीन आपली नव्हे. जिओसिटीजवर नव्वदीच्या दशकात असंख्य लोकांनी विनामूल्य घरे बांधली. ती ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झाली. गूगलने दुकानदारांना आणि दवाखान्यांना व्यवसायनोंदीबरोबर जी विनामूल्य संकेतस्थळे दिली होती, ती मार्च २०२४ मध्ये बंद केली आणि जून २०२४ नंतर तो पत्ताही चालेनासा झाला. तो पत्ता ज्यांनी वेष्टनांवर छापला असेल, त्यांची स्थिती माझ्यासारखीच झाली असणार. परक्या जागेत जरूर बसावे, पण पाटी आपल्या नावाची असावी.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वैद्याने वैद्यकी करावी, संकेतस्थळ जाणकाराकडून करून घ्यावे. हे मला पूर्णपणे मान्य आहे. पण करून घेणे आणि डोळे मिटून घेणे यांत अंतर आहे. आपल्यापैकी फार थोडे वैद्य आज स्वतः भस्मे करतात. बहुतेक जण ती विकत घेतात. तरीही वारितर, रेखापूर्ण, अपुनर्भव या परीक्षा प्रत्येक वैद्यास ठाऊक असतात, असाव्याच लागतात. पुटे किती दिली, हे त्याने पाहिलेले नसते. परंतु हाती आलेले भस्म पक्व आहे की अपक्व, हे तो पारखू शकतो. संकेतस्थळाच्या बाबतीत आपल्याला एवढेच ज्ञान हवे आहे. घडविण्याचे नको, पारखण्याचे हवे. माझ्या अल्प अनुभवावरून मी पाच परीक्षा सुचवितो :

१) डोमेनची नोंद स्वतःच्या नावावर व स्वतःच्या ई-पत्त्यावर आहे काय? नूतनीकरणाची तारीख आपणांस ठाऊक आहे काय?

२) सर्व परवलीचे शब्द आपल्या वहीत, कुलुपाखाली आहेत काय? करून देणारा उद्या परगावी गेला, तर काम अडेल काय?

३) संपूर्ण स्थळाची प्रतिलिपी आपल्या संगणकावर आहे काय, आणि ती एकदा तरी परत बसवून पाहिली आहे काय?

४) दवाखान्याची वेळ किंवा एका औषधाची किंमत आपण स्वतः, कोणास न विचारता, बदलू शकतो काय?

५) प्रत्येक पानावरील प्रत्येक वाक्य आपण वाचले आहे काय, आणि ते आपण रुग्णासमोर तोंडाने उच्चारू काय?

ज्या संकेतस्थळास ही पाचही उत्तरे होकारार्थी मिळतील, ते कोणी का बांधलेले असेना, पक्व समजावे.

कोहळ्यावरील अभ्यास

आता उपाय. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील योग्यासूत्रीय अध्याय आपण सर्वांनी वाचला आहे. शास्त्र पाठ असले तरी ज्याने हाताने अभ्यास केलेला नाही तो कर्मास अयोग्य, हे तेथील सूत्र. म्हणून शिष्याने छेदन कोहळा, भोपळा, काकडी यांवर करावे. भेदन पाण्याने वा चिखलाने भरलेल्या चामड्याच्या पिशवीवर. वेधन कमळाच्या देठावर. सीवन वस्त्राच्या आणि मऊ चामड्याच्या कडांवर. आणि बंधन मातीच्या वा कापडाच्या पुतळ्यावर. जिवंत रुग्णावर पहिला हात चालवू नये, ही त्यामागील करुणा.

आपण मात्र संकेतस्थळ शिकतो ते थेट जिवंत स्थळावर, रुग्ण पाहत असताना. माझे स्थळ पांढरे झाले त्या दिवशी ते सर्वांसाठी पांढरे झाले होते. वास्तविक येथेही कोहळे उपलब्ध आहेत. आज्ञावली स्वतःच्या संगणकावर, महाजालाशी न जोडता बसविता येते. वर्डप्रेसची ‘प्लेग्राउंड’ नावाची सोय तर ब्राउझरमध्येच एक तात्पुरते स्थळ उभे करून देते. ते मोडले तर खिडकी बंद करून नवी उघडावी, एवढेच. पुतण्याने मला हे दाखविल्यापासून माझी भीती गेली. मुद्दाम चुका केल्या, स्थळ मोडले, पुन्हा बसविले. पाच महिन्यांत जे जमले नव्हते ते तीन आठवड्यांत जमले.

म्हणून आपल्या संघटनेस माझी तीन विनम्र सूचना आहेत. एक, दहा-बारा पानांची मराठी परिभाषा-पुस्तिका काढावी. तीत प्रत्येक संज्ञा, तिचा अर्थ, तिचे व्यापद आणि उपाय एवढेच असावे. दोन, प्रत्येक जिल्हा शाखेने वर्षातून एकदा दोन दिवसांचा वर्ग घ्यावा. पहिला संपूर्ण दिवस कोहळ्यावरील अभ्यासास द्यावा आणि कोणाचेही खरे स्थळ त्या दिवशी उघडू नये. तीन, ज्येष्ठ वैद्य आणि बी.ए.एम.एस.चा विद्यार्थी अशा जोड्या लावाव्यात. विद्यार्थ्यास बटणे ठाऊक असतात. कोणते वाक्य लिहू नये, हे ज्येष्ठास ठाऊक असते. दोघांनाही एकमेकांची गरज आहे.

आज्ञावली करणाऱ्यांनीही आपला क्रम सुधारावा, ही अपेक्षा आहेच; पण ती आपल्या हातात नाही. परिभाषा लिहून काढणे मात्र आपल्या हातात आहे, आणि ते काम आपल्या परंपरेने पूर्वी केलेले आहे.

जुने नाव मला परत मिळाले नाही. नवीन घेतले. त्यावर चारच पाने आहेत : चिकित्सालयाची वेळ व पत्ता, औषधांची सूची, पथ्यापथ्याविषयी थोडे, आणि आमच्याविषयी. डोंगर नाहीत, अभिप्राय नाहीत. जुन्या बाटल्यांवरील पत्ता चुकीचा आहे, ही सूचना पहिल्याच पानावर ठेवली आहे. नूतनीकरणाची तारीख फार्मसीतील दिनदर्शिकेवर, अरिष्टाचे संधान उघडण्याच्या तारखांशेजारी, तांबड्या शाईने लिहिलेली आहे. वैद्यबंधूंनी हा अंक खाली ठेवण्यापूर्वी आपले नाव कोणाच्या नोंदवहीत आहे, एवढे एकदा विचारून घ्यावे, ही विनंती.

अस्तु.